परत येण्याचा पुरावा

मखमलाबाद, नाशिक
१८ मे २०२५

प्रिय उज्वला मावशी,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. पोरं सुट्टीला आपापल्या पाड्यावर गेली की आश्रमशाळा ओसाड वाटते, असं लिहिलंयस. इकडे ओसाड काहीच नाही. लग्नसराई अजून चालू आहे, त्यामुळे मी रोज कुठल्या ना कुठल्या मंडपात कॅमेरा घेऊन उभी असते आणि नाना फुलं घेऊन बाजारात. ऊन इतकं, की झेंडूच्या क्रेटवर ओलं गोणपाट टाकून न्यावं लागतं. आईचा गुडघा पुन्हा दुखतोय. तू तिच्याबद्दल विचारत नाहीस, तरी मी लिहिते. तिच्यापुढे तुझं नाव काढायची मात्र माझी हिंमत होत नाही. आजोबांच्या दशक्रियेला तुम्ही दोघी बहिणी गोदाघाटावर शेजारी शेजारी उभ्या होतात आणि एका शब्दाने बोलला नाहीत. त्याच दिवशी तू मला हळूच पत्ता दिलास आणि म्हणालीस, आमच्या डोंगरात रेंज नाही, पत्र लिहीत जा. बरं झालं दिलास. फोनवर मला हे सांगताच आलं नसतं.

तर सांगते. व्हिसा नाकारला.

पोलंडच्या फिल्म स्कूलने मला दिग्दर्शनाच्या वर्गात घेतलं, शिष्यवृत्तीही दिली, हे वाचून तू अख्ख्या शाळेला पेढे वाटले होतेस. पोरांना आता सांग, ताईची पुन्हा परीक्षा आहे.

नकाराच्या कागदावर कारण छापलंय. शिक्षण संपल्यावर ही मुलगी आपल्या देशात परत जाईल, याची खात्री वाटत नाही. वाचून मला हसूच आलं. मी मखमलाबादच्या बाहेर कधी पडेन याची मला खात्री नाही, आणि ह्यांना मी परत येणार नाही याची भीती!

कॉलेज रोडला एक सल्लागार आहे, फाइली तयार करून देतो. बापूकाका मला त्याच्याकडे घेऊन गेले. त्याने कागद चाळले आणि विचारलं, "मॅडम, लग्न झालेलं नाही, पर्मनंट नोकरी नाही, नावावर जमीन नाही. इथं तुमचं आहे काय?"

मी म्हटलं, "एक कॅमेरा आणि एक स्कूटी."

तो हसला. काका हसले नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाले, "म्हंजे त्यांना वाटतं पोरगी तिकडंच राहीन?"

"हो काका."

"मग त्यांना दाखवू ना आपण, इथं काय हे तुझं ते."

घरी आल्यावर बाप म्हणून नानांनी काही म्हणायला हवं होतं. नानांचं तुला माहीतच असेल, बोलायची वेळ आली की ते शेतात जातात.

तू मागच्या पत्रात विचारलं होतंस, ज्या फिल्मवर घेतलं ती कशाची. सांगते. आमच्या स्टुडिओत लग्नांचं न वापरलेलं शूटिंग खूप पडून असतं. संतोषदादा, म्हणजे स्टुडिओचे मालक, एक पोझ झाली की लेन्स बदलायला वळतात. माझा कॅमेरा चालूच असतो. तेवढ्या वेळात नवरीला वाटतं, आता कोणी बघत नाहीये. तिचा चेहरा उतरतो, किंवा मोकळा होतो, किंवा ती नुसती स्वतःच्या हाताकडे बघत बसते. असे चेहरे मी ओळीने लावले. ज्या मुली सापडल्या त्यांची परवानगी घेतली, नाही म्हणाल्या त्यांना काढून टाकलं. संवाद नाही, संगीत नाही. सात मिनिटं. तिकडच्या सरांनी मुलाखतीत विचारलं, ह्या मुली कशाची वाट बघताहेत? मी म्हटलं, पुढची पोझ सांगायची.

शाळेने जागा ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवलीय. पुन्हा अर्ज करणार आहे.

बाकी विशेष काही नाही. परवा दिंडोरीकडची मंडळी आली होती, काकांच्या ओळखीची. द्राक्षबाग आहे त्यांची. चहा-पोहे झाले, गेली. आंबे पाठवायचे होते, पण तुझ्याकडे पोचेपर्यंत नासतील म्हणून पाठवत नाही.

पत्राची वाट बघते.

तुझी,
तेजू


मखमलाबाद, नाशिक
२२ जून २०२५

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार. शाळा सुरू झाली असेल, आता तुला पत्र वाचायलाही सवड नसेल. म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलंय. बघू जमतंय का.

मुंबईला जाऊन मुलाखत देऊन आले. काकांच्या जीपने गेलो, मी, नाना आणि काका. नानांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. कसारा घाट उतरल्यावर म्हणाले, "तिकडं फुलं कुठली पिकतात गं?" मी म्हटलं, माहीत नाही, बघून सांगेन. त्यावर त्यांनी नुसती मान हलवली. मावशी, मला तेव्हा फार बरं वाटलं. वाटलं, नाना मला जाऊ देणार.

मुलाखत घेणाऱ्या बाई शांत होत्या. फिल्मबद्दल विचारलं, शाळेबद्दल विचारलं. मग कागदांवरून नजर न काढता म्हणाल्या, शिक्षण झाल्यावर परत का याल? मी उत्तर दिलं. अडखळले नाही. माझं इंग्रजी इतकं चांगलं कधी झालं नव्हतं.

बाहेर आले तर काका रसवंतीच्या बाकड्यावर बसलेले. "काय झालं?" मी म्हटलं, "बहुतेक होईल." त्यांनी नानांच्या पाठीवर थाप मारली.

या वेळी फाइल जाड झालीय.

मधे घरी एक छोटा कार्यक्रम झाला. फार माणसं नव्हती, तरी मांडव घालावा लागला. आईने तिची मोरपंखी पैठणी मला नेसवली. फोटोला संतोषदादाच आले होते. इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी उभी असते, त्या दिवशी मी समोर होते. ते म्हणाले, "तेजू, हात थोडा वर, अंगठी दिसू दे." मी हात वर केला. मग ते लेन्स बदलायला वळले आणि मला एकदम कळलं की माझा चेहरा आत्ता कसा झाला असेल. मी तो लगेच सावरला. कोणी शूट करत नव्हतं, तरी सावरला.

हर्षल दिंडोरीचा आहे. कृषी पदवीधर आहे. सरळ माणूस आहे.

आमच्याकडे गणपतीसाठी झेंडूची लागवड झाली. आईच्या गुडघ्याला डॉक्टरांनी पट्टा दिलाय, तो ती बांधत नाही. तुझ्या शाळेचं छप्पर यंदा तरी दुरुस्त झालं का?

तुझी,
तेजू


मखमलाबाद, नाशिक
३ ऑगस्ट २०२५

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र चारच ओळींचं होतं. "कार्यक्रम कसला, ते लिहायला विसरलीस. हर्षलबद्दल तीन छोटी वाक्यं लिहिलीस आणि लगेच झेंडूकडे गेलीस. मी मास्तरीण आहे, पोरांनी काय गाळलं ते मला आधी दिसतं. नीट लिही."

नीट लिहिते.

माझा साखरपुडा झालाय.

सल्लागाराकडून आलो, त्याच आठवड्यात काका म्हणाले, "त्यांना परत यायचं कारण पाहिजे ना? नवरा हे सगळ्यात मोठं कारण." नाना म्हणाले, तिला विचारा. ऐकलंस ना मावशी, मला विचारलं. कोणी जबरदस्ती केली नाही, हात धरून पाटावर बसवलं नाही. आणि मी हो म्हणाले. मनात हिशेब केला की साखरपुडा म्हणजे लग्न नाही. व्हिसा मिळेल, मी जाईन, दोन वर्षं लांब राहिले की आपोआप विरून जाईल. तिकडून एखादा फोन करून मोडता येईल. इतका साधा विचार होता तो. काकांना वाटत होतं, व्हिसाच्या निमित्ताने पोरीचं लग्न ठरतंय. मला वाटत होतं, लग्नाच्या निमित्ताने व्हिसा मिळतोय.

फाइलला हर्षलचं पत्र जोडायचं होतं. तो स्टुडिओत आला, माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "काय लिहू सांग, माझं इंग्रजी कच्चं आहे." मी सांगत गेले, तो लिहीत गेला. आमचं लग्न ठरलं आहे, तिच्या शिक्षणाला माझा पाठिंबा आहे. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण तो म्हणाला, "एक ओळ माझ्या मनाने घालतो." आणि त्याने लिहिलं, मी तिची वाट बघेन. मग मला विचारलं, "बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, "स्पेलिंग बरोबर आहे."

परत का याल, या प्रश्नाला मी हेच उत्तर दिलं होतं. तो माझी वाट बघतोय.

व्हिसा मिळाला, मावशी. मागच्या आठवड्यात पासपोर्ट हातात आला. तुला आधी कळवायला हवं होतं, पण आनंदाची बातमी आनंदाने लिहिता येईना.

कारण आता जाणं रोज थोडं थोडं लहान होत चाललंय. पहिल्या बैठकीत हर्षलचे वडील म्हणाले होते, "दोन वर्षं काय, शिकू द्या की." साखरपुड्याच्या दिवशी म्हणाले, "सुट्टीत येत जाशील ना?" आषाढात त्यांचा फोन आला, "एक वर्षाचा नसतो का तो कोर्स?" व्हिसा आल्याचं कळल्यावर ते स्वतः आले. "लोक विचारतात, पोरगी एकटी चालली का? लग्न लावूनच पाठवू, म्हंजे कोणाचं तोंड नको." चातुर्मास आहे, पण काकांनी भटजींना गाठून काढीव मुहूर्त आणलाय. श्रावण संपायच्या आत. हॉल ठरला. आणि सासूबाई, होणाऱ्या, मला बाजूला घेऊन मायेने म्हणाल्या, "लग्नानंतर चार-सहा महिने जाऊन ये, हौस फिटली की झालं. नाहीतर मोबाइलवर होत नाही का ते?"

कोणी मला अडवत नाही. बाकड्यावर जागा असते ना, एकेक जण येऊन जरासा सरकून बसतो, कोणी धक्का देत नाही, आणि आपण शेवटी अर्ध्या मांडीवर टेकलेलो असतो. तसं झालंय. उठून उभी राहिले तर सगळे म्हणतील, अगं, आहे की जागा.

झोप लागत नाही. हातात व्हिसा असलेला पासपोर्ट आहे आणि रोज साड्यांची खरेदी चालू आहे. काल मी एका दुकानात शालू अंगावर टाकून आरशासमोर उभी होते, आणि तिकडच्या शाळेचा मेल आला. पहिल्या आठवड्यात वर्गाला दाखवायला स्वतःच्या गावाचा एक शॉट घेऊन या. कॅमेरा कुठे लावू, मावशी? मला गावात उभं राहायला जागाच दिसत नाही.

आई सगळं मुकाट्याने करतेय. मोतीचुराचे लाडू सांगून आली, मानपानाच्या साड्यांना फॉल लावतेय. एकदाच म्हणाली, "जेवत का नाही तू?" मी म्हटलं, उकडतंय. ती म्हणाली, हं.

तू लग्न मोडलंस, एवढंच मला माहीत आहे. कोणाशी ठरलं होतं, कसं मोडलंस, या घरात कोणी सांगत नाही. मी लहान असताना एकदा विचारलं होतं तर काकांनी माझ्यावर डोळे वटारले होते. म्हणून तुलाच विचारते. तू नाही कसं म्हणालीस? कोणाला म्हणालीस? काय शब्द वापरलेस? ते शब्द मला लिहून पाठव. लवकर पाठव.

तुझी,
तेजू


मखमलाबाद, नाशिक
२४ सप्टेंबर २०२५

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार. मधे इतके दिवस गेले, तुला वाटलं असेल लग्न होऊन पोरगी दिंडोरीला गेली. नाही गेले.

तुझं उत्तर आलं, पण त्यात शब्द नव्हते. एवढंच होतं की, "ते तुझ्या आईला विचार." मला तुझा राग आला. वाटलं, मी बुडतेय आणि ही काठावरून दुसऱ्या कोणाचं नाव सांगतेय.

दुपारची वेळ होती. नाना मळ्यात, आई स्वयंपाकघरात शेपू निवडत बसलेली. मी तिच्यासमोर बसले. तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "पत्र आलं ना तिचं?"

मी म्हटलं, "कोणाचं?"

"पोस्टमन दुपारी येतो, तेव्हा घरात कोण असतं? तुझ्या टेबलावर पत्रं कोण ठेवतं? तिचं अक्षर मला ओळखू येणार नाही का?"

मावशी, तिला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. एकही पत्र तिने उघडलं नाही. मी विचारलं, कधी वाचावंसं नाही वाटलं? ती म्हणाली, "मला लिहिलेलं नव्हतं ना."

मग मी विचारलं. आई शेपू निवडत राहिली आणि सांगत राहिली. तुझं नानांशी ठरलं होतं. माझ्या नानांशी! सुपारी फुटली होती, पत्रिका छापायला गेल्या होत्या. तुला डी.एड.ला जायचं होतं. तू सकाळी आजोबांना सांगितलंस, मला हे लग्न करायचं नाही, आणि पिशवी घेऊन नाशिकच्या वसतिगृहात निघून गेलीस. संध्याकाळी घोटीला आजोबांच्या घरी दोन्हीकडची माणसं बसली. आईची बारावीची परीक्षा तोंडावर होती, ती आतल्या खोलीत भूगोल वाचत होती. आजोबांनी, म्हणजे तुमच्या दादांनी, तिला हाक मारली.

"दादांनी माझ्याकडं बघितलं, मग सगळ्यांनी बघितलं," आई म्हणाली. "पत्रिकेवर नुसतं नाव बदललं. तारीख तीच."

"तू नाही म्हणाली असतीस तर?"

"मला विचारलं कुठं कोणी? विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. तुझे नाना वाईट नाहीत. पण तिने मला आधी सांगायला पाहिजे होतं. एवढंच. मी तिची बहीण होते, मला सांगून जायला पाहिजे होतं."

काड्या बाजूला काढून तिने ताट माझ्याकडे सरकवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू नाही म्हणालीस तर तुझ्या जागी उभी करायला या घरात दुसरी पोरगी नाही. तेवढं एक बरं हे. जा, ही भाजी धुऊन आण."

मी नळाखाली भाजी धरून किती तरी वेळ उभी होते.

दुसऱ्या दिवशी स्कूटी काढून दिंडोरीला गेले. फोनवर सांगायचं नव्हतं. हर्षल शेडमधे फवारणीचं औषध कालवत होता. मला बघून खूश झाला, म्हणाला, "अगं, फोन करायचा ना, आईने काही केलं असतं." मी उभ्या उभ्याच सांगितलं. मला लग्न करायचं नाही.

त्याने आधी हातमोजे काढले. मग विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"साखरपुड्याच्या दिवशी माहीत होतं तुला?"

"हो."

"आणि मी पत्र लिहिलं तेव्हा?"

"हो."

त्याने हातमोजे औषधाच्या बादलीवर ठेवले. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. म्हणाला, "मी ते खरं लिहिलं होतं."

मी म्हटलं, मला माहीत आहे.

"तू जा," तो म्हणाला. "मी तुला धरून ठेवत नाही. पण ते पत्र तिथून काढून घे. माझं नाव दाखवून तू जाऊ नको." मग म्हणाला, "आणि आमच्या घरी तूच सांग. मी सांगितलं तर बाबांना वाटेल मीच कच खाल्ली."

मी आत गेले आणि त्याच्या आईवडिलांना सांगितलं. त्याची आई रडली. वडील फक्त म्हणाले, "पोरी, आधी का नाही बोललीस?"

घरी आल्यावर काका आणि नानांना सांगितलं. काकांचा आवाज तीन घरं ऐकू गेला. पत गेली, हॉल गेला, दिंडोरीला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. शेवटी आईकडे वळून म्हणाले, "बहिणीच्या वळणावर गेली शेवटी!"

आई म्हणाली, "हो. गेली."

दोनच शब्द. पण या घरात तुझ्याबद्दल बोलताना तिने मान खाली घातली नाही, असं मी पहिल्यांदा पाहिलं. काका उठून गेले. नाना टोपी घालून मळ्यात गेले.

त्यानंतर मी व्हिसाच्या ऑफिसला लिहिलं. माझं ठरलेलं लग्न मोडलं आहे, फाइलमधलं अमुक पत्र धरू नये. सल्लागार म्हणाला, "मॅडम, वेड लागलंय का? कोण विचारतंय तुम्हाला?" खरंच कोणी विचारत नव्हतं. तरी मेल पाठवला आणि मग वाट बघणं सुरू झालं. लग्नही नाही आणि जाणंही नाही. गणपती आले नि गेले, पितृपक्ष लागला. स्टुडिओत जायचे, घरी यायचे. नाना माझ्याशी बोलत नव्हते. जेवताना मीठ हवं असलं तरी आईला सांगायचे. गल्लीतल्या बायका आईला विचारायच्या, मग आता काय करणार तेजू? मला वाटायला लागलं होतं की मी दोन्हीकडची वाट स्वतःच्या हाताने बुजवली.

गेल्या आठवड्यात उत्तर आलं. माहिती नोंदवून घेतली आहे, व्हिसा कायम आहे. मी ते संतोषदादांना वाचून दाखवलं, कारण घरी कोणाला दाखवावं कळेना. त्यांनी मला मिठाई आणून दिली आणि स्वतःच डोळे पुसले.

येत्या रविवारी निघतेय.

नानांना मी सांगायला गेले. ते दसऱ्याच्या झेंडूची तोडणी बघत बांधावर उभे होते. म्हटलं, नाना, रविवारी जाते. त्यांनी ऐकलं. मग रात्रीच्या जेवणाला आईला म्हणाले, "तिला सांग, इकडं यायची घाई करू नको म्हणावं." मी समोरच बसले होते.

आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. मला वाटलं होतं चिडतील, मग निवळतील. पण ते चिडलेलेच नाहीत. ते दमलेत. दुसऱ्यांदा घडलं ना त्यांच्या बाबतीत. पहिल्या वेळी तू, आता मी. कोणी त्यांनाही कधी विचारलं नसेल, माणसं बदलली तेव्हा त्यांना काय वाटलं.

त्यामुळे मी सुटले असं लिहू शकत नाही. बॅग भरताना मला वाटतंय की मी इथून निघतेय खरी, पण माझ्या वाटची सगळी घुसमट आईच्या अंगावर टाकून. काका तिला बोलतील, नाना तिच्याशीही बोलणार नाहीत. शेजारणी तिलाच विचारतील. तिने एकदा दुसऱ्याची जागा भरली आणि आता माझीही भरणार. या वेळी तर तिने स्वतःच ताट सरकवलंय.

म्हणून एक मागते. मला सोडायला मुंबईला येईन असं तू लिहिलंयस. येऊ नकोस. त्याऐवजी दसऱ्याच्या सुट्टीत इकडे ये. नाना आणि काका त्या दिवसांत बाजारातच असतात, दुपारी आई घरी एकटी असते. तिला आधी पत्र लिही, तिच्या नावाने. माझ्या नावाने लिहिलेली तिने खूप पोचवली.

ती काय बोलेल ते मला सांगता येत नाही. कदाचित बसायलाही सांगणार नाही. तरी बस. ती भाजी निवडत असेल तर तूही निवडायला घे. तिकडे जाऊन मी काय शिकेन, काय बनवेन, ते पुढचं पुढे. पण इतक्या वर्षांत तुम्ही दोघी एका खोलीत बसलात, एवढं मला कळलं तर मला तिकडे नीट उभं राहता येईल.

तू तिला न सांगता गेलीस. मी सांगून जातेय. एवढाच काय तो फरक.

तुझ्या बहिणीची मुलगी,
तेजस्विनी